जोनागोल्ड आणि गोल्डन डिलिशियस ही जोडी जमेल का? घरच्या बागेत तीन सफरचंदांची जागा आहे

मातीचे_हात (प्रश्न)

घराच्या मागे ९ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पट्टी मोकळी आहे. ऊन दिवसाला ७-८ तास मिळतं. माती चिकण आहे, पाऊस झाला की दोन दिवस पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालचे तास ८००-९०० भरतात, त्यामुळे थंडीची अडचण येऊ नये.

नर्सरीच्या यादीवरून हे ठरवलं आहे:

जोनागोल्ड, कारण फळ मोठं आणि आंबटगोड. गोल्डन डिलिशियस, कारण यादीत त्याच्यासमोर "सर्व जातींना उत्तम परागक" (म्हणजे दुसऱ्या झाडांना पराग देणारं) असं लिहिलंय. तिसरं गाला. शिवाय भिंतीलगत मोठ्या कुंडीत रॉयल गाला लावायचा विचार आहे, म्हणजे गालालाही हक्काचा जोडीदार होईल.

विचारायचं ते असं. ही निवड एकमेकांना फळ धरायला पुरेशी आहे का? यादीत खुंटाबद्दल (ज्या मुळावर जातीचं कलम बांधतात त्याबद्दल) फक्त "बुटकं" एवढंच लिहिलंय, तेवढ्यावर विसंबावं का? उघड्या मुळांचं रोप घ्यावं की पिशवीतलं? आणि रोप हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं?

खुंट_डोळा

आधी जोडीचं बोलतो, कारण तिथे चूक झाली तर ती कळायला चार वर्षं लागतात.

जोनागोल्ड आणि गोल्डन ही दोन्ही झाडं चांगली आहेत, पण एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. जोनागोल्ड ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनऐवजी तीन संच, ३४ ऐवजी ५१. परागकण तयार होताना तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून त्याचे बरेचसे परागकण वांझ निघतात. ते दुसऱ्याला जवळपास काही देत नाही, फक्त घेतं. ब्रॅम्ली, मुत्सू, ग्रॅव्हेनस्टाइन, बॉस्कूप, ब्लेनहाइम ऑरेंज हीसुद्धा याच गटातली.

एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यावर नेहमीचा उपाय म्हणून "मग शेजारी गोल्डन लावा" असं सांगितलं जातं, आणि नेमकं या ठिकाणी ते चुकतं. सफरचंदात परागकण ओळखून नाकारण्याची व्यवस्था असते आणि ती एस नावाच्या जनुकावर चालते. साध्या जातीकडे एसचे दोन प्रकार असतात. परागकणाकडे त्यातला एकच जातो. परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडला की रुजतो, त्याची नळी स्त्रीकेसराच्या दांड्यातून खाली वाढू लागते. पण त्याच्याकडचा एसचा क्रमांक त्या फुलाकडेही असेल तर नळी दांड्यातच थांबते आणि बीजांडापर्यंत पोचत नाही. स्वतःचे परागकण चालत नाहीत ते याच कारणाने.

नेहमी भेटणाऱ्या काही जातींचे प्रकार:

गोल्डन डिलिशियस: एस२ एस३
गाला: एस२ एस५
फुजी: एस१ एस९
रेड डिलिशियस: एस९ एस२८
ग्रॅनी स्मिथ: एस३ एस२३
आयडारेड: एस३ एस७
जेम्स ग्रीव्ह: एस५ एस८
एल्स्टार: एस३ एस५
जोनागोल्ड: एस२ एस३ एस९

जोनागोल्ड हे गोल्डन डिलिशियस आणि जोनाथन यांचं अपत्य. गोल्डनकडून त्याने एस२ आणि एस३ दोन्ही उचलले, जोनाथनकडून एस९. आता गोल्डनचा परागकण एकतर एस२ असणार नाहीतर एस३. दोन्ही जोनागोल्डच्या फुलात आधीच आहेत. म्हणजे गोल्डनचा एकही कण जोनागोल्डमध्ये आत जात नाही, मग बहर कितीही जुळो आणि मधमाश्या कितीही येवोत. मुत्सूचं हेच, तेही गोल्डनचंच अपत्य आणि त्याच्याकडेही एस२ एस३ आहेत.

तुमच्या यादीत गाला आहे म्हणून गाडी थोडी तरी रुळावर आहे. गालाचे एस५ कण जोनागोल्डला चालतात, एस२ नाही. म्हणजे निम्मे. गोल्डन आणि गाला एकमेकांना निम्मे चालतात, कारण एस२ दोघांत सामाईक आहे. निम्म्या जुळणीला घाबरायचं कारण नाही. एका फळात पाच कप्पे आणि साधारण दहा बिया, तेवढ्याला मूठभर परागकण पुरतात. हवा चांगली असली आणि माश्या फिरत असल्या तर घरच्या झाडाला निम्मी जुळणी भरपूर होते. फुलांच्या दिवसांत पाऊस आणि गारठा राहिला की मात्र पूर्ण आणि निम्म्यातला फरक झाडावर दिसतो.

जोनागोल्ड ठेवायचंच असेल तर मी गोल्डन काढून फुजी घेईन. गाला आणि फुजी यांच्यात एकही एस सामाईक नाही, त्यामुळे ते दोघं एकमेकांना पूर्ण चालतात. जोनागोल्डला गालाकडून एस५ आणि फुजीकडून एस१ मिळतो, म्हणजे देणारे दोन होतात. एकच अट: फुजी फार उशिरा पिकतं, फुलापासून १६०-१८० दिवस. तेवढा उबदार हंगाम मिळत नसेल तर फुजीच्या जागी जेम्स ग्रीव्ह. जोनागोल्डसाठी त्याचे दोन्ही एस वेगळे आहेत. गालाशी त्याचा एस५ सामाईक, म्हणजे तिथे निम्मी जुळणी, पण तेवढी पुरते.

जोनागोल्डवर जीव नसेल तर मात्र तेच काढा. तीन झाडांच्या जागेत एक फक्त घेणारं ठेवणं महागात पडतं. उरलेल्या दोघांतलं एक मेलं किंवा एखाद्या वर्षी फुललंच नाही तर तिन्हींचा हिशेब कोलमडतो. गोल्डन, गाला, फुजी किंवा गोल्डन, रेड डिलिशियस, गाला अशा तिकडीत प्रत्येक जण देतो आणि घेतो.

पानगळ

वरच्यात एक भर. रॉयल गाला ही गालाचीच एका फांदीवर आपोआप निघालेली, जास्त रंगाची आवृत्ती. जनुकं तीच, एस तेच. कुंडीत रॉयल गाला लावणं म्हणजे गालाचंच दुसरं झाड लावणं, परागीकरणाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

ही फसगत सगळ्यात जास्त रेड डिलिशियसच्या कुळात होते. स्टार्किंग, स्टार्क्रिम्सन, रेड चीफ, ओरेगॉन स्पर ही नावं वेगळी, फळाची छटा वेगळी, पण सगळी रेड डिलिशियसच. त्यांतली चार घेतली तरी जोडीदार शून्य. जोनागोरेड हे तसंच जोनागोल्ड. नाव नवीन दिसलं की "ही कुठल्या जातीची निवड आहे" एवढं विचारायचं.

कुंडीची जागा वाया घालवू नका. तिथे पांढऱ्या फुलांचं क्रॅब (लहान फळांचं) सफरचंद लावा, उदाहरणार्थ एव्हरेस्ट. क्रॅबवर फुलं भरपूर आणि जास्त दिवस टिकतात, त्यामुळे लवकरच्या आणि उशिराच्या दोन्ही झाडांना ती सापडतात. गडद गुलाबी फुलांचा क्रॅब मात्र टाळा. मधमाशी एका फेरीत एकाच रंगाच्या फुलांना धरून बसते, गडद गुलाबीवरून पांढऱ्यावर कमी जाते. कुंडी किमान ५० लिटरची, आणि खुंट एम२७ किंवा एम९ (हे बुटक्या खुंटांचे क्रमांक).

डोंगरउतार

एवढा खटाटोप कशाला? गोल्डन डिलिशियस स्वतःच्या परागावर फळ धरतं, सगळ्या नर्सऱ्या लेबलवर "स्वफलित" लिहितात. एकच गोल्डन लावा आणि मोकळे व्हा.

खुंट_डोळा

लेबलवरचं "स्वफलित" म्हणजे "काही प्रमाणात" असं वाचायचं. गोल्डन, ग्रॅनी स्मिथ, ब्रेबर्न, ॲना यांना उबदार, कोरड्या वसंतात एकट्यानेही थोडी फळं धरतात, हे खरं. पण तीच फुलं परक्या परागावर जास्त फळं धरतात, आणि फळ भरतंही चांगलं. कमी बियांचं फळ एका बाजूने दबलेलं राहतं, कारण ज्या कप्प्यात बी नाही त्या बाजूचा गर नीट वाढत नाही. शिवाय वाऱ्यात आधी तेच गळतं. जागा एकाच झाडाची असेल तर स्वफलित जात घेणं बरोबर आहे. इथे तीन झाडांची जागा आहे, मग तो पर्याय का धरायचा?

एकाच जागेत बसवायचं असेल तर एका खोडावर दोन-तीन जातींची कलमं असलेलं झाड मिळतं. परागीकरणाला ते छान, पण छाटणीत लक्ष लागतं. जोमदार जात दोन-तीन वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकते, म्हणून तिची फांदी दरवर्षी आखूड ठेवावी लागते. अशा झाडात जोनागोल्डसारखं ट्रिप्लॉइड कधीही नको.

रानमाशी

एस जुळले तरी बहर जुळला नाही तर सगळं कागदावर राहतं. सफरचंदाच्या एका झाडाचा बहर साधारण ७-१० दिवस चालतो, त्यातले मधले चार-पाच दिवस महत्त्वाचे. दोन झाडांच्या पूर्ण बहरात ४-५ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको.

बहाराचे तक्ते वाचताना एक पथ्य पाळा: दोन वेगळ्या नर्सऱ्यांचे तक्ते एकमेकांना लावू नका. कुणी १ ते ४ गट करतं, कुणी १ ते ७, कुणी अ-ब-क. एकाचा ३ म्हणजे दुसऱ्याचा ३ नव्हे. एकाच तक्त्यात दोन्ही जाती शोधा. तोच गट किंवा लगतचा गट असला की चालतं. आयडारेड, ग्रॅव्हेनस्टाइन लवकर फुलतात, गाला, फुजी, जेम्स ग्रीव्ह मधल्या काळात, गोल्डन त्याच काळाच्या शेवटाकडे. म्हणून आयडारेड आणि गोल्डन एसच्या हिशेबाने चालत असले तरी ती जोडी मी घेणार नाही.

हे तक्ते बहुतेक थंड हवामानात बनलेले असतात. झाडाला हवी तेवढी थंडी मिळाली नाही की डोळे उशिरा आणि तुटक फुटतात, बहर तीन-तीन आठवडे रेंगाळतो आणि गटांचा क्रम उलटसुलट होतो. मातीचे_हात, तुमचे ८००-९०० तास आहेत, त्यात गाला, फुजी, गोल्डन बसतात. पण हा धागा कमी थंडीच्या जागेवरून कुणी वाचत असेल तर जोडी जुळवताना थंडीची गरज आधी पाहा. ॲना आणि डॉर्सेट गोल्डन यांना २००-३०० तासांच्या आसपास पुरतात आणि ती दोन्ही बरोबर फुलतात. ॲनाशेजारी रेड डिलिशियस लावून काही होणार नाही. एकाचा बहर संपला तरी दुसऱ्याचे डोळे मिटलेलेच असतील.

आणि माश्या. १२-१३ अंशांखाली मधमाशी फारशी बाहेर पडत नाही, जोराच्या वाऱ्यातही नाही. फुलं उमलल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत कुठलंही कीटकनाशक फवारू नका, "सेंद्रिय" लिहिलेलंसुद्धा.

आळे_आणि_आच्छादन

खुंट आणि खरेदीवर लिहितो, ते अजून राहिलंय.

"बुटकं" हे वर्णन झालं, नाव नव्हे. एम२६ आणि एमएम१०६ दोन्ही "अर्धबुटकं" म्हणून विकले जातात, आणि त्यांच्या झाडांत मीटरभर उंचीचा फरक पडतो. विक्रेत्याला खुंटाचा क्रमांक सांगता येत नसेल तर रोप घेऊ नका. तुम्हाला लागतील असे एवढेच:

एम२७: १.५ ते २ मीटर. फारच नाजूक, कुंडीत किंवा उत्तम मातीत.
एम९: २.५ ते ३ मीटर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ. मुळं ठिसूळ, जन्मभर आधार लागतो.
एम२६: ३ ते ३.५ मीटर. ओल्या, जड मातीत रुसतं.
एमएम१०६: ४ मीटरच्या आसपास. लोकरी माव्याला (कापसासारखी दिसणारी कीड) दाद देत नाही, पण पाणी साचलं की बुंधा कुजतो.
एमएम१११: ४.५ मीटर आणि पुढे. कोरडं सोसतं, फळाला चार ते सहा वर्षं घेतं.

चिकण माती आणि दोन दिवस साचणारं पाणी ऐकल्यावर एमएम१०६ बाद. बुंधा कुजवणारी फायटोफ्थोरा बुरशी नेमकी अशाच जागी येते आणि हा खुंट तिला लवकर बळी पडतो. एम९ त्या बुरशीला बराच टिकतो. ९ मीटरच्या पट्टीतही तोच बसतो. उलट बाजू अशी की एम९ला लोकरी मावा लागतो आणि फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य करपा त्याला सोसत नाही. तो रोग तुमच्या भागात असेल तर जिनिव्हा मालिकेतला जी४१ मिळतो का पाहा, तो दोन्हींना दाद देत नाही. त्याचा कलमाचा सांधा मात्र ठिसूळ असतो, पहिल्या दिवसापासून बांधून ठेवावा लागतो.

खुंटाचा परागीकरणाशी संबंध नाही. एम९वरचं गाला आणि एमएम१११वरचं गाला, एस एकच. आकाराशी मात्र आहे, आणि ट्रिप्लॉइड जात त्याच खुंटावर एक पायरी जोमदार वाढते. एम९वरचं जोनागोल्ड एम२६वरच्या गालाएवढं होतं. म्हणून तिन्ही एम९वर घ्या, जोनागोल्ड मधोमध लावा. टोकापासून १.२५ मीटरवर गाला, ४.५ मीटरवर जोनागोल्ड, ७.७५ मीटरवर फुजी. प्रत्येक दोघांत सव्वातीन मीटर राहतात आणि जोनागोल्डला दोन्हीकडून पराग येतो.

उघड्या मुळांचं की पिशवीतलं? सुप्तावस्थेत, पानं झडलेली असताना लावता येणार असेल तर उघड्या मुळांचं. मूळ डोळ्यांना दिसतं, हेच त्याचं मोठेपण. पिशवीतलं केव्हाही लावता येतं, पण आत मुळांची गुंडाळी झालीये का ते पिशवी काढल्याशिवाय कळत नाही. वय एक वर्ष, फार तर दोन. उंच आणि फांद्यांनी भरलेलं रोप बघायला बरं वाटतं, पण उपटताना त्याची जास्त मुळं तुटलेली असतात, आणि एक वर्षाचं रोप दोन हंगामांत त्याला गाठतं.

हातात आल्यावर असं बघा. कलमाचा सांधा जमिनीच्या खुणेपासून १५-२५ सेंटीमीटर वर असावा, नीट भरलेला, भेग किंवा डिंक नसलेला. सांध्याच्या १० सेंटीमीटर वर खोडाची जाडी किमान १०-१२ मिलिमीटर. सांध्याखालून फुटवे निघालेले नकोत. नखाने साल जराशी खरवडली की खाली ओलसर हिरवं दिसलं पाहिजे; तपकिरी आणि कोरडं दिसलं तर ती फांदी मेलेली. मुळांवर आणि बुंध्याशी खडबडीत, बोराएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी असतील तर रोप परत करा. तो क्राउन गॉल असतो, लावल्यावर काढता येत नाही. एम९वर सांध्याखाली दिसणारे बारीक, टोचरे उंचवटे वेगळे, ती मुळांची सुरुवात असते. सालीवर खोलगट, कडेला सुरकुतलेले डाग असले तर तो कँकर, म्हणजे सालीचा रोग. पांढरे कापसासारखे पुंजके म्हणजे लोकरी मावा. पिशवीतल्या रोपाचं खोड धरून हलकंच हलवा. मातीशी खळगा पडून ते लगेच डुलत असेल तर मुळांनी माती धरलेली नाही.

लेबलवर जातीचं पूर्ण नाव आणि खुंटाचा क्रमांक, दोन्ही लिहून घ्या आणि बिलावरही तेच असू द्या. गाला आणि फुजीची काडी पानांशिवाय ओळखणं कुणालाच जमत नाही. अदलाबदल झालेली कळते ती पहिलं फळ आल्यावर.

बीपासून वाढवलेलं रोप स्वस्त असलं तरी नको. बी म्हणजे दोन जातींचं मिश्रण, आईचं फळ त्यातून परत येत नाही आणि आकार मोठ्या झाडाचा होतो.

मातीचे_हात

फार उपयोगी पडलं. जोनागोल्ड मध्ये आणि दोन्ही बाजूंना गाला-फुजी, एम९वर, असं ठरवतोय. हंगाम लांब आहे, त्यामुळे फुजी पिकेल. दोन शंका राहिल्या. पाणी साचणाऱ्या जागेत खड्ड्यात भरपूर शेणखत घातलं तर निचरा सुधारेल ना? आणि साधारण २५ मीटरवर शेजाऱ्यांकडे एक जुनं सफरचंद आहे, जात कुणालाच माहीत नाही. ते हिशेबात धरू का?

आळे_आणि_आच्छादन

शेणखताने निचरा सुधारणार नाही, उलट बिघडेल. चिकण मातीत भुसभुशीत खड्डा केला की आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं आणि मुळं बुडतात. खतही कुजून बसतं, झाड खाली जातं, सांधा मातीत गाडला जातो.

आधी निचरा मोजा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी धरून बघा. तासाला २.५ सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर खोल खणू नका, उंच लावा. एक-सव्वा मीटर रुंदीचा, २०-२५ सेंटीमीटर उंचीचा उंचवटा त्याच मातीचा करा, वरच्या थरात थोडं कंपोस्ट मिसळा आणि त्यावर झाड बसवा. उघडी मुळं लावण्याआधी एक-दोन तास पाण्यात ठेवा, रात्रभरापेक्षा जास्त नको. सांधा मातीच्या १०-१५ सेंटीमीटर वर राहिलाच पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि एम९चा बुटकेपणा संपतो. मग तीन मीटरचं झाड सहा मीटरचं होतं.

आधाराला २.४ मीटरची काठी, त्यातली ६० सेंटीमीटर जमिनीत. काठी झाडाच्या आधी रोवा, नंतर ठोकली तर मुळांतून जाते. आच्छादन ५-८ सेंटीमीटर जाड, खोडापासून १० सेंटीमीटर लांब. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला २० लिटरच्या आसपास एकदम पाजा, रोज तांब्याभर नको. पाणी देण्याआधी बोट ७-८ सेंटीमीटर आत घाला. ओल लागली तर थांबा. फांद्या नसलेली काडी असेल तर लावल्यावर ७५ सेंटीमीटरवर कापा. जीव कासावीस होतो, पण कापा.

त्या जागी पूर्वी सफरचंद होतं का, हेही विचारून घ्या. जुन्या सफरचंदाच्या जागी नवीन सफरचंद वर्षानुवर्षं खुरटतं.

रानमाशी

शेजाऱ्यांचं झाड २५ मीटरवर म्हणजे उपयोगाच्या कडेवर. १५ मीटरच्या आत असेल तर निश्चिंत. ३० मीटरच्या पुढे किंवा मध्ये उंच इमारत असेल तर धरू नका. मधल्या अंतरात भरवसा वाऱ्यावर आणि माशीच्या मर्जीवर.

जात माहीत नसली तरी बहर बघता येतो. येत्या वसंतात त्याची पहिली फुलं आणि पूर्ण बहर यांची तारीख टिपून ठेवा. तुमची झाडं फुलायला लागली की ताडून बघा. आणि सलग दोन वर्षं बघा, कारण जुनी न छाटलेली झाडं एक वर्षाआड फुलतात. परागक एक वर्षाआड फुलत असेल तर तुमचं झाडही एक वर्षाआडच फळणार, आणि दोष मात्र तुमच्या झाडाला लागणार. हेच फुजीलाही लागू आहे. ते फळांनी लगडलं आणि विरळणी केली नाही, तर पुढच्या वर्षी फुलणार नाही आणि जोनागोल्डचा एक देणारा जाईल. म्हणून फुजीची विरळणी चुकवू नका. फळ सुपारीएवढं झालं की दर १५ सेंटीमीटरला एकच ठेवा.

एखाद्या वर्षी तुमच्यातलं एकच झाड फुललं तर शेजाऱ्यांकडून निम्म्या उमललेल्या कळ्यांच्या दोन-चार फांद्या मागून आणा, बादलीत पाणी घालून झाडाखाली उन्हात ठेवा, पाणी रोज बदला. हाताने करायचं असेल तर उमलायच्या बेतातल्या, फुग्यासारख्या कळ्यांमधले पुंकेसर कागदावर काढा, खोलीत एक दिवस वाळू द्या, पिवळी पूड सुटली की मऊ कुंचल्याने घोसातल्या मधल्या फुलाच्या कुक्षीवर लावा. ते फूल सर्वांत आधी उमलतं आणि सहसा सगळ्यात मोठं फळ त्याचंच होतं.

मातीचे_हात

शेवटचं. फुलं आली आणि फळ धरलं नाही, तर जोडी चुकली की हवेने मारलं हे कसं ओळखायचं?

खुंट_डोळा

फुलं असतानाच एक-दोन फुलं नखाने उभी चिरा. मधला स्त्रीकेसर काळा पडला असेल आणि पाकळ्या ठीक असतील तर दहिवराने मारलंय. उमललेल्या फुलाला उणे २.२ अंशाला सुमारे दहा टक्के आणि उणे ३.९ अंशाला नव्वद टक्के इजा होते.

स्त्रीकेसर हिरवट आणि ताजा असेल, तरी पाकळ्यांपाठोपाठ देठासकट सगळं गळून गेलं, तर परागच पोचला नाही. जोडी, बहर किंवा माश्या यांपैकी काहीतरी. तीन आठवड्यांनी वाटाण्याएवढी फळं गळत असतील तर त्यातली दहा आडवी कापा आणि बिया मोजा. एक-दोन बिया निघाल्या तर परागीकरण अपुरं. सात-आठ भरल्या बिया असूनही गळत असतील तर परागाला दोष देऊ नका. झाडाने जास्तीचं ओझं टाकलंय किंवा पाण्याचा ताण बसलाय.

पानगळ

ही मोजणी गालावर आणि फुजीवर करा, जोनागोल्डवर नको. ट्रिप्लॉइडची बीजांडंही अर्धवट असतात, उत्तम पराग मिळूनही त्याच्या फळात दोन-तीनच धड बिया सापडतात.